वखराचे बैल, पटाचे बैल

शंकरपट पाहायला गेलेला माणूस दिवसभर उन्हात बसतो आणि एकेक जोडी त्याच्यापुढून जाते ती काही सेकंदांत. झेंडी पडते, धुळीचा लोट उठतो आणि तंबाखू मळून तोंडात टाकेपर्यंत बैल दुसऱ्या टोकाला पोचलेले असतात. पाठोपाठ भोंग्यावरून वेळ जाहीर होते, तीही सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजलेली. त्या आकड्यावर मग रात्री उशिरापर्यंत वाद रंगतात. वळण नाही, चढ नाही. सरळ पट्टी, दोन बैल, एक हलका छकडा आणि त्यावर एक धुरकरी. विदर्भातल्या गावांनी वेगाची कसोटी मानली ती एवढीच.

महाराष्ट्रात बैल पुष्कळ ठिकाणी पळतात, पण सगळीकडे सारखे पळत नाहीत. पुणे जिल्ह्यात खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ या भागात ‘घाट’ असतो. तिथे चढाची वाट, चार बैल, पुढे घोडी आणि एकेका गाड्याची ‘बारी’. सातारा-सांगलीकडे ‘मैदान’ भरतं. तिथे अनेक छकडे एकदम सुटतात आणि गट, सेमीफायनल, फायनल असा दिवस चढत जातो. रायगड जिल्ह्यात समुद्राला ओहोटी लागली की ओल्या वाळूवर गाड्या धावतात. विदर्भाचा पट या सगळ्यांत आखूड आणि सर्वांत सरळ.

या पटाच्या जुन्या दिवसांची गोष्ट वऱ्हाडातून, म्हणजे नांदुऱ्यासारख्या गावाकडून पाहिली तर नीट कळते. मुंबईहून कोलकात्याकडे जाणारा महामार्ग मलकापूर आणि खामगाव यांच्यामध्ये नांदुऱ्यातून जातो. रस्त्याकाठच्या १०५ फुटी मारुतीमुळे हे गाव ट्रकवाल्यांनाही तोंडपाठ आहे. आजूबाजूला पूर्णेच्या खोऱ्यातली काळी कसदार जमीन, कुठे खारपाणपट्टा, आणि पिकं मुख्यतः कापूस, ज्वारी, तूर. ही जमीन पावसात चिकट आणि उन्हाळ्यात भेगाळलेली. ती कसायला बैल लागायचा, तोही ताकदीचा. आणि पिकलेला कापूस बाजारात न्यायला पुन्हा बैलच.

रेल्वे येण्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जात असे. अंतर सुमारे पाचशे मैल. पुढे त्याची वाट मुंबईकडे वळली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ भुसावळहून पूर्वेकडे सरकत १८६७ मध्ये नागपूरला पोचले. नांदुरा त्याच मार्गावरचं स्टेशन. १८७० मध्ये जलंबहून खामगावचा फाटा निघाला. रेल्वे आली म्हणून बैलांचं काम मात्र कमी झालं नाही, उलट वाढलं. प्रत्येक खेड्यातून स्टेशनापर्यंत, जिनापर्यंत, बाजारापर्यंत कापूस न्यायला गाडीच हवी होती. आधी पोचलेली गाडी आधी रिकामी होते, हे गाडीवानाला सांगावं लागत नसे. चालीचा बैल ही चैन नव्हती, तो रोजच्या कमाईचा भाग होता.

चालीच्या बैलांची वऱ्हाड-नागपूरकडे स्वतःची जात होती: गवळाऊ. वर्धा जिल्ह्यातला आर्वीचा भाग, नागपूर, पुढे छिंदवाडा आणि शिवनीपर्यंत हिचा पसारा. रंग पांढरा किंवा राखी, अंग सडपातळ, पाय लांब, चाल झपाझप. मराठ्यांच्या फौजांचं सामान वेगानं हलवता यावं म्हणून ही जात जोपासली गेली, असं पशुतज्ज्ञांनी नोंदवून ठेवलं आहे. वर्धा जिल्ह्यातल्या हेटीकुंडी इथे या जातीसाठी सरकारी पैदास केंद्रही उभं राहिलं. पश्चिमेकडून, खानदेशातल्या तापीच्या खोऱ्यातून, खिल्लारीचा एक प्रकार यायचा. माणदेशच्या खिल्लारीचा तो नातलग, तापट आणि चपळ. नांदुऱ्याचा भाग या दोन्ही जातींच्या मधोमध पडतो.

पण पटाच्या धुळीत जुन्या काळी जे बैल उतरत, त्यांची पहिली ओळख जातीची नसे, कामाची असे. मृगाच्या आगेमागे वखरपाळी, मग तिफणीवर पेरणी, पीक गुडघ्याला लागलं की डवरणी, पोळ्याला एक दिवस झूल आणि पुरणपोळी, नंतर रब्बीची पेरणी, आणि वेचणी सुरू झाली की कापसाच्या गाड्या. हे सगळं उरकलं की थंडीत बैलांना थोडी उसंत मिळायची. पटाचा हंगाम त्याच उसंतीत बसवलेला होता. दिवाळीनंतर गावोगावी तारखा पडायला लागत आणि महाशिवरात्रीच्या पुढेही पट चालत. घरची सरकी, ढेप, ज्वारीचा कडबा यांवर पोसलेली जोडी आठ-पंधरा दिवस जरा जास्त खुराक खाऊन पटाला जायची आणि परत येऊन गाडीला जुंपली जायची.

या धावण्यातलं कसब बाहेरच्या माणसाला पटकन दिसत नाही. जूं एकच असतं, त्यामुळे जोडीचा वेग हा मंद बैलाचा वेग. एक बैल दुसऱ्यापेक्षा जरा जरी पुढे खेचायला लागला तरी छकडा तिरका होतो, पट्टी सोडतो आणि गर्दीकडे वळतो. सरळ जायचं तर दोघांची टाप, दम आणि स्वभाव जुळावा लागतो. बैलाला बाजूचीही सवय असते. डावीकडे जुंपत आलेला बैल उजवीकडे घातला की बिचकतो, मान मारतो, कधी जागचा हलत नाही. म्हणून पटाची जोडी जमवणं हे पटाच्या दिवशीचं काम नव्हतं. वर्षभर एकाच वखराला, एकाच गाडीला तीच जोडी त्याच बाजूंनी चालली की ती आपोआप जमायची. जुन्या पटात शेतकऱ्याच्या कामाच्या जोडीला बाहेरून आणलेल्या देखण्या बैलांवर मात करता यायची ती याच बळावर.

धुरकऱ्याचं कामही तसंच. छकडा म्हणजे धुरा, जूं, आस, दोन चाकं आणि वर पाय टेकण्यापुरता सांगाडा. त्यावर तो कमरेत वाकून, गुडघे सैल सोडून उभा राहतो किंवा उकिडवा बसतो. एका हातात कासरा. सुटताना दोन्ही बैलांचे कान आणि मान एका रेषेत आहेत का, हे तो बघतो, कारण एक बैल अर्धा क्षण आधी निघाला तर पट तिथेच गेला. सुटल्यावर आवाज देणं, कासऱ्यानं रेषा राखणं आणि पडायचं नाही, एवढंच त्याच्या हातात. शेवटच्या टोकाला बैल थांबवणं हे वेगळंच दिव्य असतं. तिथे दहा-बारा दांडगे गडी आडवे होतात आणि वेसणीला हात घालतात. हलका, नजरेचा पक्का आणि जनावराला ओळखीचा असा धुरकरी मिळाला की जोडीवाला त्याला जपायचा.

प्रत्येक शर्यतीत बरोबरीच्या गड्यांनी एकमेकांशी भिडावं, यासाठी गट पाडावे लागतात. सातारा-सांगलीच्या मैदानांत ते दातांवरून पडतात: दुधाचे दात असलेला ‘आदत’, दोन दाती ‘दुसा’, चार दाती ‘चौसा’, आणि वर सगळ्यांना खुला गट. विदर्भात पटाच्या पत्रकावर अ, ब, क अशा गटांबरोबर एक गट हमखास दिसतो, तो म्हणजे गावगट. तो पट भरवणाऱ्या गावातल्या शेतकऱ्यांचा. बक्षीस सगळ्यांत कमी, पण गर्दी त्यालाच जास्त, कारण धावणाऱ्या प्रत्येक जोडीचं घर, धनी आणि शेत पाहणाऱ्यांना माहीत असतं. कोणत्या बैलानं पेरणीच्या वेळी दगा दिला होता आणि कोणता बैल चिखलात रुतलेली गाडी एका हिसक्यात काढतो, याची चर्चा पट सुरू होण्याआधीच झालेली असते.

गंमत अशी की रोजच्या कामातल्यांनी आपसांत भिडावं, याच विचाराचा एक गट सातासमुद्रापलीकडे, इंजिनांच्या दुनियेत जन्मला. अमेरिकेत वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली. रस्त्यांवर चालणाऱ्या चोरट्या शर्यती बंदिस्त पट्टीवर आणायच्या, हा तिचा उद्देश. १९५५ मध्ये कॅन्सस राज्यातल्या ग्रेट बेंड इथे तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पाव मैलाची, म्हणजे सुमारे ४०२ मीटरची सरळ पट्टी, दोन गाड्या आणि घड्याळ. त्यात ‘स्टॉक’ नावाचा वर्ग होता. दुकानातून जशी गाडी घेतली तशी आणायची आणि पळवायची, असा त्याचा बाणा. सोमवार ते शुक्रवार कामावर नेलेली गाडी रविवारी पट्टीवर. या वर्गातून नावारूपाला आलेल्या गड्यांपैकी एक होता इलिनॉय राज्यातल्या मॉरिसन गावचा आर्नी बेस्विक. पाँटियाक गाड्या पळवणारा हा माणूस खरोखरच शेती करणारा होता आणि प्रेक्षक त्याला ‘फार्मर’ याच नावानं ओळखत.

त्या वर्गाचं पुढे काय झालं, हे वऱ्हाडातल्या माणसानं मुद्दाम ऐकावं असं आहे. रविवारी जिंकलेली गाडी सोमवारी खपते, हे मोटार कंपन्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी फक्त पट्टीसाठीच गाड्या बनवायला घेतल्या. जनरल मोटर्सनं १९६३ च्या सुरुवातीला शर्यतींतून अंग काढून घेतलं, पण फोर्ड आणि क्रायस्लर थांबले नाहीत. १९६४ ची फोर्ड थंडरबोल्ट साधारण शंभर नगांत बनली. रेडिओ नाही, हीटर नाही, पुढचं झाकण हलक्या फायबरचं. नावाला ती दुकानातली गाडी होती, पण तिच्यातून बायकापोरांना घेऊन बाजारात जायचा कुणी विचारही केला नसता. पुढच्याच वर्षी क्रायस्लरच्या काही गाड्यांची चाकं सांगाड्यावर पुढे सरकवली गेली आणि साध्या गाडीशी त्यांचं साम्य नावापुरतं उरलं.

वऱ्हाडातल्या पटाला अशा वळणावर यायला अजून पन्नास वर्षं लागायची होती. दरम्यान त्याच्याभोवती एक अख्खं जग उभं राहिलं होतं. अमरावती जिल्ह्यातलं तळेगाव दशासर हे त्या जगातलं मोठं ठिकाण. तिथल्या शंकरपटाला लांबलांबच्या जिल्ह्यांतून जोड्या येत आल्या आहेत, आणि तिथे बायकांनी स्वतः छकडा हाकायचा महिलांचा पटही भरतो. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत तर पट आणि नाटक ही जोडीच होती. दिवसा बैल पळायचे आणि रात्री मंडपात झाडीपट्टीचं नाटक पहाटेपर्यंत चालायचं. पट पाहायला लेकी-जावई, पाहुणे-रावळे येणार, घरात पाहुण्यांची गर्दी होणार, म्हणून त्याच तारखेला नाटक ठरवलेलं. देसाईगंज वडसा इथल्या नाटक कंपन्यांचा हंगाम या तारखांवर बेतलेला असे. याच रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

या जगावर पहिला घाव पडला ११ जुलै २०११ रोजी. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं खेळासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत, अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या पंक्तीत बैलालाही बसवलं. आधार होता १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याचा. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बंदी उचलून धरली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती पिनाकी चंद्र घोष यांच्या खंडपीठानं तमिळनाडूच्या जल्लिकट्टूबरोबरच महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींवरही पडदा पाडला. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी घडलेली नाही, हा त्या निकालातला एक कळीचा मुद्दा होता.

हा निकाल हवेतून आला नव्हता, हे जुने शौकीनही खासगीत कबूल करतात. पराणीची आर पुठ्ठ्यात टोचणं, शेपूट पिरगळणं, चावणं, चाबूक, आणि पुढे पुढे बॅटरीचा झटका देणारी यंत्रं. बक्षिसाची रक्कम वाढली तसे हे प्रकार वाढले. रोजच्या कामाचा बैल जायबंदी करून कोणाचीच शेती चालत नाही, म्हणून गावगटात हात आपोआप आवरता राहायचा. ज्याच्या बैलाला शर्यतीपलीकडे कामच नव्हतं, त्याला तो लगाम नव्हता.

मग सुरू झाली कोर्टकचेरी. ७ जानेवारी २०१६ रोजी केंद्रानं काही अटींवर शर्यतींना वाट करून दिली आणि पाचच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लिकट्टूसाठी तरुणांचा महासागर उसळला आणि तमिळनाडूनं स्वतःचा कायदा केला. महाराष्ट्रानंही त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून शर्यतींना परवानगी दिली. बैलाला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, अशी तिच्यात तरतूद होती. पण उच्च न्यायालयानं शर्यती रोखून धरल्या. २०१८ मध्ये प्रश्न घटनापीठाकडे गेला. बैलही धावू शकणारा प्राणी आहे, असा तज्ज्ञ समितीचा अहवाल राज्यानं मांडला. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्राला शर्यतींची मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजी न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं राज्यांचे कायदे वैध ठरवले.

म्हणजे २०१४ च्या निकालानंतर पट थांबला तो साडेसात वर्षं. बैलाच्या हिशेबानं ही त्याची जवळजवळ पूर्ण उमेदीची वर्षं. बंदी आली तेव्हा जो गोऱ्हा जुंपायला काढला होता, तो बंदी उठली तेव्हा म्हातारा झालेला होता. आणि या काळात शेतात जे घडलं ते कोर्टातल्या घडामोडींपेक्षा मोठं होतं. २०१२ च्या पशुगणनेत देशात गोवंशातले नर सुमारे ६ कोटी ७९ लाख होते. २०१९ मध्ये ते सुमारे ४ कोटी ७४ लाखांवर आले. सात वर्षांत तीस टक्के घट! याच काळात गाई मात्र वाढल्या. महाराष्ट्रात एकूण गोधनच सुमारे दहा टक्क्यांनी घटलं. नांगरट ट्रॅक्टरनं, पेरणी ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रानं, आणि कापूस मालवाहू टेम्पोतून थेट जिनिंगच्या फाटकात. सालदार मिळेना, कडबा महाग झाला, आणि दोन बैलांचं बारमाही पोट भरणं दहा-बारा एकरवाल्यालाही जड जाऊ लागलं. ज्या उसंतीत पट बसला होता ती उसंत उरली, पण उसंत घेणारा बैलच गोठ्यातून गेला.

२०२१ नंतर जे परतलं त्याचा थाट मोठा होता. पश्चिम महाराष्ट्रात ट्रॅक्टर, मोटारसायकली, थार गाडी अशी बक्षिसं लागली. बकासुर, मथुर या बैलांची नावं पहिलवानांसारखी घरोघरी पोचली आणि त्यांच्या धावा मोबाइलवर पाहिल्या जाऊ लागल्या. यातले बहुतेक बैल शर्यतीसाठीच निवडलेले, शर्यतीसाठीच पोसलेले आणि टेम्पोतून या मैदानावरून त्या मैदानावर फिरणारे. त्यांची किंमत लाखांत बोलली जाते. विदर्भातही चित्र फार निराळं नाही. वरच्या गटांतल्या जोड्या आता शेतात जात नाहीत, गावोगावच्या पटांवर जातात. धाव पूर्वीपेक्षा वेगवान झाली यात शंका नाही. एका जोडीतला बैल एका जिल्ह्याचा आणि दुसरा दुसऱ्या जिल्ह्याचा, दोघांचे धनी निराळे आणि भेट फक्त पटाच्या दिवशी, असंही आता सर्रास घडतं.

नियमही आता कागदावर आले आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी, पन्नास हजारांची अनामत, हजार मीटरच्या आत धाव, जनावरांच्या डॉक्टरची तपासणी, चित्रीकरण, आणि काठी, चाबूक, विजेचा झटका या सगळ्यांना मनाई. पट भरवणाऱ्या मंडळाचा निम्मा महिना या कागदपत्रांतच जातो.

पत्रकावर गावगट मात्र अजून छापलेला असतो. पूर्वी त्याची अट कुणी विचारत नसे, कारण गावातली जोडी म्हणजे कामाचीच जोडी. आता एखाद्या ट्रॅक्टरवाल्याच्या गोठ्यात वखर कधी पाहिलाच नाही असा देखणा गोऱ्हा बांधलेला असतो. धनी गावचा, गोठा गावचा, सातबाराही गावचाच. अशी जोडी गावगटात घ्यायची की वरच्या गटात पाठवायची, याला कोणत्याही नियमात कलम नाही. तो निवाडा पंचांना झेंडी पडायच्या आत, भोंग्यासमोर, सगळ्या गावाच्या देखत करावा लागतो.